जुनी टेप म्हणजे पुरावा नाही : 'व्ही/एच/एस'चे भयपट आणि आपला डेटा



पेट असो की नेट-सेटचा पहिला पेपर, 'प्राथमिक साधनं आणि दुय्यम साधनं' हा प्रश्न ठरलेला. पर्याय बघितले की उत्तर सुचतं. पण प्रत्यक्षात एखादी नोंद हातात आली, म्हणजे जुना तक्ता, कुणाच्या तरी वहीतली रीडिंग्ज किंवा एखादा व्हिडिओ, की तिच्यावर किती विश्वास टाकायचा हे ठरवायला खाली चार पर्याय दिलेले नसतात. तिथं आपण सगळेच गडबडतो आणि बहुतेक वेळा एकाच गोष्टीला भुलतो : नोंद जुनी दिसतेय, मग खरी असणार.

या भुलण्यावर एक अख्खी सिनेमामालिका उभी आहे. तिचं नाव 'व्ही/एच/एस'. भुताखेताचे सिनेमे आहेत, हसू नका. आज मी त्यांची समीक्षा करतेय, पण तुमच्या कामाच्या अंगाने. आधीच सांगून ठेवते : रक्तपात भरपूर आहे, किळसवाणं बरंच आहे, सगळ्यांनी बघावेत असे हे सिनेमे नाहीत. आणि यातली एक गोष्ट आपल्या मराठवाड्याच्या फार जवळ येते, तिथं मला जरा थांबायचंय.

'आम्ही बनवलं नाही, आम्हाला सापडलं'

फाउंड फुटेज म्हणजे सापडलेलं चित्रीकरण. नेहमीच्या सिनेमात आपल्याला माहीत असतं की समोर नट आहेत आणि मागे दिग्दर्शक आहे. फाउंड फुटेजवाला मात्र म्हणतो की हे कुणी बनवलेलंच नाही, कुणाचा तरी कॅमेरा चालू होता आणि पुढे ती टेप मिळाली. १९९९ चा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' आठवा. सुरुवातीलाच पाटी येते की १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये तीन विद्यार्थी मेरीलँडच्या जंगलात माहितीपट करायला गेले आणि बेपत्ता झाले. वर्षभराने त्यांचं चित्रीकरण सापडलं. एवढ्या पाटीवर प्रेक्षक अर्धा घाबरून बसतो. युक्ती तशी जुनीच. ब्रॅम स्टोकरची १८९७ ची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी अशीच डायऱ्या, पत्रं, तारा आणि फोनोग्राफवरच्या नोंदी जोडून सांगितलेली आहे.

'व्ही/एच/एस' मालिकेने यात दोन गोष्टी वाढवल्या. पहिली, एका सिनेमात चार-पाच छोट्या गोष्टी, प्रत्येकीचा दिग्दर्शक बहुधा वेगळा, आणि बहुतेक सिनेमांत त्यांना बांधणारी एक चौकटीची गोष्ट. पहिला सिनेमा २०१२ चा. २०१३ आणि २०१४ ला आणखी दोन आले, मग मोठी गॅप पडली. २०२१ ला मालिका परत आली ती दुसरी गोष्ट घेऊन : जुनं साल. 'व्ही/एच/एस/९४' (२०२१), 'व्ही/एच/एस/९९' (२०२२) आणि 'व्ही/एच/एस/८५' (२०२३). नावातच साल. कपडे त्या सालचे, जाहिराती त्या सालच्या, चित्राला पट्टे पडलेले, रंग ओघळलेले. शेवटचा व्हीसीआर जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये बनवला. म्हणजे यंत्र बाजारातून गेलं आणि त्यानंतर त्याच्या बिघाडाचं चित्र असं थाटामाटात परत आलं.

आता समीक्षकाने काय विचारायचं? भीती वाटली की नाही, हा प्रश्न आहेच. पण ज्या सिनेमाचा दावाच 'ही नोंद आहे' असा आहे, त्याला नोंदीचेच प्रश्न विचारले पाहिजेत. मी चार विचारते. नोंद कोणी केली? का केली? कोणी जोडली? आणि आपल्यापर्यंत आली कशी?

चार प्रश्नांची परीक्षा

२०१२ च्या पहिल्या सिनेमाला हे प्रश्न लावून बघा. चौकटीच्या गोष्टीत काही गुंड पोरांना एका घरातून एक व्हिडिओ कॅसेट चोरून आणायचं काम मिळतं. घरात टीव्हीसमोर एक म्हातारा मरून पडलेला आणि सगळीकडे कॅसेटच कॅसेट. पोरं एकेक लावून बघतात. इथपर्यंत झकास. पण त्या कॅसेटवर काय असतं? एका गोष्टीत चष्म्यात बसवलेल्या छुप्या कॅमेऱ्याचं डिजिटल चित्रीकरण. दुसऱ्या गोष्टीत, जो स्वानबर्गच्या, एमिली नावाच्या मुलीचं इंटरनेटवरचं व्हिडिओ कॉलिंग. आता मला सांगा, कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ कॉल कॅसेटवर कोणी उतरवला आणि कशाला? सिनेमाकडे याचं उत्तर नाही. एमिलीची गोष्ट एरवी हुशार आहे, फक्त दोन खिडक्यांच्या चौकटीत भीती उभी करते. पण ती त्या घरात, त्या कॅसेटवर कशी, हे विचारलं की सगळं सुटं होतं. सिनॉप्सिसमध्ये तक्ता छान आहे आणि 'हा डेटा कुठून आणला' असं आरआरसीने विचारल्यावर विद्यार्थी गप्प, तशातली ही गत.

याच सिनेमातली शेवटची गोष्ट '१०/३१/९८' मात्र सालाला धरून आहे आणि त्यामुळे घट्ट वाटते. हॅलोविनच्या पार्टीला निघालेली पोरं, त्यातल्या एकाच्या सोंगातच कॅमेरा बसवलेला. कॅमेरा का चालू आहे ते कळलं, की पुढे घरात काय घडतं त्यावर विश्वास ठेवायला मन तयार होतं.

दुसरा प्रश्न, 'का केली', हा या प्रकाराचा कायमचा शत्रू. थिएटरात बसलेलं कुणीही विचारतं : अरे, पळायचं सोडून शूटिंग कशाला करतोयस? याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर 'व्ही/एच/एस/९४' मधल्या सायमन बॅरेटच्या 'द एम्प्टी वेक'मध्ये आहे. एक तरुण मुलगी अंत्यविधीगृहात नोकरीला. रात्री एकटीने एका मृताच्या अंत्यदर्शनाचा कार्यक्रम सांभाळायचा. घरच्यांनी सांगितलंय की सगळं रेकॉर्ड करा, म्हणून कॅमेरे स्टँडवर लावलेले. भेटायला फारसं कुणी येत नाही, बाहेर वादळ, आत शवपेटी. कॅमेरे जागचे हलत नाहीत. त्यामुळे चौकटीच्या बाहेर आवाज झाला की तिला जाऊन बघता येतं, आपल्याला येत नाही. ही सगळी भीती नोंदीच्या मर्यादेतून आलेली आहे. प्रयोगात उपकरणाची रेंज संपते तिथून पुढे काय आहे हे माहीत नसतं, तीच अस्वस्थता.

तिसरा आणि चौथा प्रश्न कथेतच घेणारी गोष्ट म्हणजे 'व्ही/एच/एस/८५' मधली स्कॉट डेरिक्सनची 'ड्रीमकिल'. पोलिसांकडे खुनांच्या कॅसेट येतात, पण खून व्हायच्या आधी. नोंद आधी, घटना नंतर. नोंदीच्या प्रवासाचा प्रश्न हाच इथं रहस्याचा प्रश्न आहे, त्यामुळे ती टेप कुठून आली हे विचारायला आपल्याला कुणी भाग पाडावं लागत नाही.

आणि आपल्याकडचं उदाहरण? दिबाकर बॅनर्जींचा 'लव्ह सेक्स और धोखा', २०१०. 'व्ही/एच/एस'च्या दोन वर्षं आधीचा. याला कुणी भयपट म्हणत नाही, पण घाबरवण्यात तो कित्येक भुतांना भारी आहे. तीन गोष्टी, तीन प्रकारचे कॅमेरे. एका विद्यार्थ्याच्या डिप्लोमा फिल्मचा कॅमेरा, एका दुकानातला सीसीटीव्ही आणि स्टिंग ऑपरेशनचा छुपा कॅमेरा. तिन्ही ठिकाणी कोण टिपतंय आणि कशासाठी, हे स्वच्छ आहे. पहिल्या गोष्टीत पळून जाऊन लग्न केलेल्या जोडप्याचं जे होतं ते बघताना कुठल्याही भुताची गरज पडत नाही. मालिकेचा मुंबईशी संबंध पुढे थेटही आला. २०२४ च्या 'व्ही/एच/एस/बियाँड'मध्ये विराट पाल यांची 'ड्रीम गर्ल' ही गोष्ट मुंबईत घडते, एका सिनेतारकेच्या मागावर असलेल्या फोटोग्राफरांच्या कॅमेऱ्यातून. तिथंही कॅमेरा का चालू आहे हे विचारावं लागत नाही, पोटासाठीच चालू आहे.

टेपवरच्या मुंग्या

आता जुनेपणाच्या खुणांकडे येऊ. विज्ञानवाल्यांनी इथं विशेष लक्ष द्या.

व्हिडिओ कॅसेटमध्ये चित्र कसं साठतं? अर्धा इंच रुंदीची चुंबकीय फीत एका फिरत्या ड्रमला तिरकी लपेटून जाते. ड्रमवर दोन हेड समोरासमोर. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ड्रम सेकंदाला २५ वेळा फिरतो आणि प्रत्येक हेड फितीवर एक तिरकी रेघ ओढतं; एक रेघ म्हणजे अर्धं चित्र. एका हेडकडून दुसऱ्याकडे काम जातं तेव्हा चित्राच्या अगदी तळाशी काही ओळी विस्कटतात. फितीवरचा चुंबकीय लेप एखाद्या ठिकाणी उडाला की तिथं आडवी पांढरी चिरफळी दिसते. फीत आणि हेड यांचा मेळ चुकला की मुंग्यांचा पट्टा चित्रावर चढतो. रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा फारच कमी बँडविड्थमध्ये कोंबलेली असते, म्हणून लाल साडी कडेला ओघळते. आणि कॉपीवरून कॉपी काढली की प्रत्येक पिढीत हे सगळं वाढत जातं.

थोडक्यात, हा नॉईज आहे, पण कसाही आलेला नाही. प्रत्येक खुणेला कारण आहे आणि ठरलेली जागा आहे.

मग सिनेमातल्या खुणा तपासा. पहिली गंमत. तळाशी विस्कटलेल्या ओळींचा तो पट्टा रेट्रो सिनेमात 'जुनी आठवण' म्हणून हमखास येतो. पण घरच्या जुन्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे लपायच्या, त्यामुळे तो पट्टा बहुतेकांना कधी दिसलेलाच नाही! तो दिसायला लागला कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्यावर. म्हणजे जी आठवण म्हणून दाखवली जाते ती टीव्हीसमोर बसलेल्या माणसाची नाही, पुढे कधीतरी इंटरनेटवर जुना व्हिडिओ बघणाऱ्याची आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खऱ्या कॅसेटमध्ये नॉईज कुठं जास्त असतो? जिथं ती वारंवार थांबवली, मागे-पुढे केली, तिथं. आवडत्या गाण्यापाशी, मारामारीपाशी. झीज बघून तुम्ही सांगू शकता की बघणाऱ्याला काय आवडायचं. सिनेमात मात्र पट्टे कुठं येतात? राक्षस पडद्यावर यायच्या अर्धा सेकंद आधी. कधी मेकअप झाकायला, कधी कट लपवायला. 'व्ही/एच/एस/९९' मध्ये हे इतक्यांदा होतं की मुंग्या आल्या रे आल्या, की आपण सावरून बसतो. बिघाड कथेच्या सोयीने यायला लागला की तो बिघाड राहत नाही.

हेच तुमच्या ग्राफला लावा. चुका सगळीकडे विखुरलेल्या असतील तर एक वेळ समजू शकतो. पण नको असलेले बिंदू जिथं निघून गेले नेमकं तिथंच तुमचं अनुमान सिद्ध होत असेल, 'उपकरणात बिघाड होता' ही टीप नेमकी त्याच रीडिंगला असेल, तर परीक्षक तिथंच बोट ठेवणार. आणि ठेवलंच पाहिजे.

कॉपीवरून कॉपीचंही तसंच. मूळ पेपर न वाचता कुणाच्या तरी प्रबंधातून संदर्भ उचलायचा, त्याने तो आणखी कुणाच्या प्रबंधातून उचललेला. आकडा तोच राहतो, पण एकक, तापमान, नमुना कुठला, हे तपशील एकेका पिढीत ओघळून जातात. शेवटी हातात राहतो तो जुना म्हणून वजनदार दिसणारा एक आकडा.

आठवण कुणाची?

या तिन्ही सालांमधली आठवण अमेरिकन घराची आहे. तळघर, गॅरेज, हॅलोविन, मुलांचे गेम शो. '१०/३१/९८' हे शीर्षकच बघा, महिना आधी आणि दिवस नंतर. आपल्याकडच्या कॅसेटवर ही तारीख ३१/१० अशी पडली असती.

आपल्याकडे व्हिडिओ आला तो वेगळ्या वाटेने. भाड्याने आणलेला टीव्ही-व्हीसीआर, रात्रभर तीन सिनेमे, आणि लग्नाची कॅसेट. बीडच्या कुठल्याही जुन्या घरात माळ्यावर एखादी तरी निघेल. तिला आपले चार प्रश्न लावून बघा. शूटिंगवाल्याला पैसे वरपक्षाने दिले की वधूपक्षाने, यावर कॅमेरा कुणावर जास्त वेळ थांबतो ते ठरतं. आहेराची रांग पूर्ण आहे. पंगत आहे. पण चुलीपाशी राबणाऱ्या बाया क्वचितच. आणि मिक्सिंग करताना वरून सिनेमाची गाणी टाकलेली, त्यामुळे मांडवात कोण काय बोललं, कोण रडलं, तो आवाज कायमचा गेला. मला विचाराल तर ही खरी भीतीदायक टेप आहे : आजी समोर हसून काहीतरी बोलतेय, आणि ऐकू मात्र गाणं येतंय.

मालेगावची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी गावातले लोक घेऊन, व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' केला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटात त्यांची धडपड दिसते. त्या चित्राचा खडबडीतपणा ही त्यांची शैली नव्हती, पैसा नव्हता म्हणून ते तसं होतं. त्यांचा सगळा प्रयत्न आपलं चित्र मोठ्या सिनेमासारखं दिसावं यासाठी. आज मोठ्या कंपन्या पैसा खर्चून आपलं चित्र त्यांच्यासारखं दिसावं म्हणून झटतात. हे ध्यानात ठेवलं की रेट्रोच्या प्रेमात पडताना जरा हात आखडता राहतो.

मालिकेत हे ओळखणारी एक गोष्ट आहे, म्हणून तिला दाद दिली पाहिजे. 'व्ही/एच/एस/९९' मधली फ्लाईंग लोटसची 'ऑझीज डंजन'. लहान मुलांच्या जुन्या गेम शोची नक्कल. स्पर्धेत एका मुलीचा पाय भयंकर मोडतो आणि कार्यक्रम आपला चालूच. पुढे तिची आई त्या सूत्रसंचालकालाच पकडून आणते. शेवट भरकटतो हे खरं, पण ज्या कार्यक्रमाची लोक गोड आठवण काढतात त्यात कुणीतरी रडत घरी गेलं होतं, हे ती गोष्ट विसरू देत नाही. आठवणीलाच उलटा प्रश्न विचारणारा हा एक तुकडा बाकीच्या अर्ध्या सिनेमापेक्षा जास्त काम करतो.

१९८५ चं मेक्सिको, १९९३ चं किल्लारी

आता ज्यासाठी थांबायचं म्हटलं होतं ती गोष्ट. 'व्ही/एच/एस/८५' मधली जिजी सॉल गेरेरो यांची 'गॉड ऑफ डेथ'. स्पॅनिश भाषेत. मेक्सिको सिटीतल्या टीव्ही स्टुडिओत सकाळचा हसरा-खेळता कार्यक्रम चालू आहे आणि भूकंप होतो. छत कोसळतं, कॅमेरा पडतो पण चालू राहतो. बचाव पथक येतं. बाहेर पडायचा मार्ग शोधताना सगळे खाली खाली जातात आणि जमिनीखाली अझ्टेक मृत्युदेवाचं ठाणं निघतं.

हा भूकंप खरा आहे. १९ सप्टेंबर १९८५, सकाळी सव्वासातच्या सुमारास, तीव्रता ८.०. हजारो माणसं गेली. आणि त्या सकाळी तिथल्या टेलेव्हिसा वाहिनीवर 'ओय मिस्मो' हा कार्यक्रम खरोखरच थेट चालू होता. निवेदिका प्रेक्षकांना धीर देत असतानाच प्रक्षेपण तुटलं. ते चित्रीकरण आजही बघायला मिळतं. म्हणजे 'गॉड ऑफ डेथ'च्या पहिल्या काही मिनिटांचं मूळ एक अस्सल नोंद आहे.

गेरेरो स्वतः मेक्सिको सिटीत जन्मलेल्या. स्टुडिओतली लगबग, निवेदिकेचा ठेवणीतला आवाज, धक्क्यानंतरची धूळ हे त्यांनी नेमकं पकडलंय. ही पहिली मिनिटं मालिकेतली सर्वोत्तम म्हणावीत अशी आहेत. पण नंतर? एकदा माणसं खाली उतरली की भूकंप म्हणजे नुसतं दार उरतं. देवापर्यंत पोचायचं होतं, भूकंपाने भोक पाडून दिलं. पुढे ती माणसं मरतात ती देवामुळे.

इथं माझा आक्षेप आहे. मेक्सिको सिटीत माणसं का मेली याला कारण आहे. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्यालगत होतं. पण शहर जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेलं. गाळाने संथ लहरी वाढवल्या आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती त्या लयीत सापडल्या, अनुनादात. बुटकी घरं वाचली, मधल्या उंचीच्या इमारती कोसळल्या. हे कारण खरोखर अंगावर काटा आणणारं आहे. त्याच्या जागी देव आणून बसवला की कारण पुसलं जातं.

आता घरी या. समजा कुणी उद्या 'व्ही/एच/एस/९३' काढायचं ठरवलं आणि साल सजवायला किल्लारी घेतलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनानंतरची झोप. तीव्रता ६.२, म्हणजे मेक्सिकोपेक्षा कितीतरी लहान. तरी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसं गेली, ५२ गावं उद्ध्वस्त झाली. धक्के आपल्या बीड जिल्ह्यातही जाणवले. तुमच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. तुमच्यासाठी १९९३ हे साल म्हणजे जुना टीव्ही, जुनी गाणी, जुन्या गाड्या. सिनेमाला लागतो तसा तयार सेट. घरात आईला विचारा, मामांना विचारा. त्यांच्यासाठी ती एक रात्र आहे.

आणि तिथंही कारण आहे. जाड दगडांच्या, मातीत बांधलेल्या भिंती, वर लाकडावर मातीचा जाड थर, म्हणजे आपलं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं हेच घर त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आलं. ज्या भागाला भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित समजत होते, तिथं हे झालं. यावर सिनेमा करू नये असं मी म्हणत नाही. भयपटाला खऱ्या दुःखाला हात लावायचा हक्क आहे. १९५४ चा जपानी 'गोजिरा', आपण ज्याला गॉडझिला म्हणतो, अणुस्फोटाच्या चाचण्यांच्या भीतीतूनच जन्मला. पण तिथं राक्षस स्वतःच ते कारण अंगावर घेऊन चालतो. राक्षस बघितला की बॉम्ब आठवतो. 'गॉड ऑफ डेथ'मध्ये देव आला की इमारती विसरायला होतं. माझ्या मते फरक इथं आहे, आणि म्हणून एवढी चांगली सुरुवात असूनही ती गोष्ट मला पुरी पडत नाही.

संशोधनातही हा फरक रोजचा आहे. किल्लारीवर, दुष्काळावर, ऊसतोडीवर विषय घेणारे तुमच्यात असतील. साल, आकडे, जुने फोटो लावून प्रस्तावना वजनदार करता येते आणि नंतर प्रबंध भलतीकडेच जातो. घटना सजावटीला वापरली की तिचं कारण शोधण्याची जबाबदारी टळते. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ते उद्या तुमचा प्रबंध वाचतील, असं समजून प्रस्तावना लिहा.

शेवटी, बघायचं काय?

बघायचंच असेल तर माझा क्रम असा. आधी 'लव्ह सेक्स और धोखा' बघा. नोंदीचा हिशेब चोख ठेवून भीती कशी उभी करतात ते कळेल. मग 'व्ही/एच/एस/९४' मधलं 'द एम्प्टी वेक'. मग 'व्ही/एच/एस/८५' मधलं 'ड्रीमकिल' आणि 'गॉड ऑफ डेथ' एकापाठोपाठ. एकात नोंदीचा प्रश्न गोष्टीला घट्ट करतो, दुसऱ्यात अस्सल नोंद हातात असून निसटते. 'व्ही/एच/एस/९९' मधून फक्त 'ऑझीज डंजन'. बाकीचं नाही बघितलं तरी पेटचे मार्क कमी होणार नाहीत.

आणि एक घरचा अभ्यास. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ज्या एका आकड्यावर सगळ्यात जास्त भार आहे, तो घ्या. मोजला कोणी, कशासाठी मोजला, तक्त्यात कोणी मांडला आणि तुमच्यापर्यंत कुठून कुठून आला, हे एका पानावर लिहा. पान भरलं तर आकडा ठेवा. दुसऱ्याच ओळीला अडलात, तर गाईडकडे जायच्या आधी ग्रंथालयात जा आणि मूळ पेपर काढा.